कुकी नेमकी कोणाची?

वेबसाइटला स्मरणशक्ती नसते. तुम्ही पान उघडलं की ब्राउझर सर्व्हरकडे मागणी करतो, सर्व्हर पान पाठवतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढच्या क्लिकला तोच माणूस परत आलाय, हे कळायची सोय या देवाणघेवाणीच्या नियमांच्या, म्हणजे एचटीटीपीच्या, मूळ रचनेत नाही. नुसते लेख वाचायचे असतील तर त्यानं काही अडत नाही. दुकान मांडायचं म्हटलं की अडतं, कारण एका पानावर निवडलेली वस्तू पुढच्या पानावर जाईपर्यंत विसरली जाते.

१९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरपुढे हीच अडचण आली. एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन दुकान काढायचं होतं, पण प्रत्येकाची अर्धवट खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवायची तिची तयारी नव्हती. माँटुलीनं ती नोंद खरेदीदाराच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची युक्ती काढली. सर्व्हरनं उत्तरासोबत मजकुराचा छोटा तुकडा पाठवायचा, ब्राउझरनं तो जपायचा आणि त्याच साइटकडे पुन्हा जाताना सोबत न्यायचा. हीच कुकी.

तिच्यात सहसा नाव-पत्ता नसतो. एक लांबलचक क्रमांक असतो, मुदत असते आणि ती कोणत्या साइटला परत द्यायची याची नोंद असते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्याप्रमाणे त्या क्रमांकाचा अर्थ फक्त देणाऱ्यालाच लागतो. कुकी हा प्रोग्राम नव्हे, त्यामुळे ती तुमच्या फायली चाळू शकत नाही. बँकेच्या साइटवर पानागणिक पासवर्ड द्यावा लागत नाही, तो बहुधा अशाच क्रमांकामुळे. म्हणून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम झालं की न विसरता लॉगआउट करा. नुसती खिडकी बंद केल्यानं तो क्रमांक रद्द होईलच असं नाही.

एका साइटची कुकी दुसरीला मिळत नाही. ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक द्यायची कल्पना माँटुलीनं मुद्दाम टाळली होती, कारण त्या क्रमांकावरून माणसाचा माग सगळीकडे काढता आला असता. मग माग निघतो कसा?

तुम्हाला एकसंध दिसणारं पान खरं तर अनेक ठिकाणांहून गोळा होतं. बातमी वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येते, जाहिरात जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. ती आणायला ब्राउझर त्या कंपनीकडे स्वतंत्र मागणी करतो आणि उत्तरासोबत तिचीही कुकी घेऊन येतो. ही तिऱ्हाइताची, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी. समजा, सकाळी तुम्ही मधुमेहाच्या आहाराविषयी वाचलंत, दुपारी गृहकर्जाचे दर पाहिलेत, रात्री नोकरीच्या जाहिराती चाळल्यात. या तिन्ही साइट एकमेकींना ओळखत नाहीत. पण तिन्हींवर त्याच कंपनीच्या जाहिराती असतील, तर तिन्ही ठिकाणांहून तिच्याकडे तोच क्रमांक जातो. आजार, कर्ज आणि नोकरीचा शोध एका खात्यात जमा होतात. त्यासाठी तुमचं नाव लागत नाही. पुढे एखाद्या साइटनं तुमचा ईमेल त्या कंपनीला दिला, की नावही जोडलं जातं.

हा धोका आधीच ओळखला गेला होता. १९९७ च्या पहिल्या तांत्रिक मानकात अशा कुकी मुळातच बंद ठेवायला सांगितलं होतं. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी, नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोररनं, ते मानलं नाही. मला ही चूक निर्णायक वाटते, कारण तिथून स्वतःला वाचवायचं ओझं वाचणाऱ्यावर पडलं.

कायदा फार उशिरा आला. युरोपच्या न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की कुकीच्या परवानगीसाठी आधीच टिकमार्क केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही, म्हणून फ्रान्सनं जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठी आणि कोकणीतही, वाचता आली पाहिजे आणि दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. ही तरतूद मोलाची आहे. मागितली तरच ती कामाला येईल.

तोवर प्रत्येक साइटच्या सूचनेशी झगडण्यापेक्षा ब्राउझरची सेटिंग एकदा बदलणं बरं. सफारी २०२० पासून तिऱ्हाइताच्या कुकी आपणहून अडवतो. फायरफॉक्स २०२२ पासून त्या साइटगणिक वेगळ्या ठेवतो. क्रोमनंही त्या बंद करायचं जाहीर केलं होतं, पण २०२४ मध्ये गूगलनं तो बेत सोडला. तेव्हा क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या भागात जाऊन थर्ड-पार्टी कुकी तुम्हीच ब्लॉक करा. लॉगिन आणि खरेदीची यादी साइटच्या स्वतःच्या कुकीवर चालतात, त्यामुळे त्या बहुतेक ठिकाणी शाबूत राहतात. एखादी साइट अडलीच, तर तेवढ्यापुरती सूट देता येते.

सगळ्या कुकी पुसून टाकायच्या असतील तर आधी पासवर्ड हाताशी ठेवा, कारण सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. आणि स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती अशा खुणा जुळवून ओळखण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर या पुसण्याचा काहीही परिणाम होत नाही.