नव्या संसारातला पावसाळा

मृग लागला की घरोघरची खुशाली विचारण्याची रीत पालटते. एरवी 'कसे आहात?' म्हणून फोन येतो. जूनमध्ये तोच 'पाऊस कसा आहे?' असा येतो. पूर्वी ही चौकशी पोस्टकार्डावर होत असे. 'इकडे पाऊसपाणी बरे आहे' एवढे लिहिले की पुढे घरातली सारी बातमी ओळीने येई: कपडे वाळत नाहीत, डाळीला जाळी धरली, धाकट्याचे पोट बिघडले होते, आता उतार आहे. पोस्टकार्ड गेले, फोन आला. बातम्या मात्र त्याच राहिल्या. या साध्यासुध्या बातम्यांमागे काय घडत असते, ते आज थोडे उलगडून पाहावे म्हणतो. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषधाची चिठ्ठी माझ्याकडे नाही. पण घरात एखादी गोष्ट 'का' करायची, हे विचारायला पदवी लागत नाही.

माझी एक भाची सोलापूरची. लग्न होऊन रत्नागिरीला गेली. नवराबायको दोघेही नोकरीला, दोन खोल्यांचे बिऱ्हाड, मुलगी दहा महिन्यांची. सोलापूरला जेवढा पाऊस साऱ्या वर्षात पडतो, त्याहून अधिक रत्नागिरीला एकट्या जुलैत कोसळतो. वर्षाचा हिशेब धरला तर तीन हजार मिलिमीटरच्याही वर. आता पाहा, या मुलीला सकाळी आईचा फोन सोलापुराहून, संध्याकाळी सासूबाईंचा फोन गावाकडून. आई सांगते, 'दुपटी चांगली उन्हात घाल गं.' ऊन कुठले? सासूबाई सांगतात, 'शेगडीवर धर.' दोन खोल्यांत शेगडी कुठली? दोघींचे म्हणणे आपापल्या घरापुरते अगदी खरे आहे. आईचे अंगण कोरड्या देशातले, सासूबाईंचे घर मोठ्या पडवीचे, माळ्याचे आणि दिवसभर धगधगणाऱ्या चुलीचे. नव्या बिऱ्हाडात यांतले काहीच नाही. जुने नियम तिथे जसेच्या तसे बसत नाहीत, आणि टाकून द्यावेत तर त्यांतले पुष्कळ शहाणपणाचे असतात. मग करावे काय? नियमामागचे कारण शोधावे.

कपड्यांपासून सुरुवात करू, कारण तान्ह्या मुलाच्या घरात पावसाळ्याचा खरा मुक्काम दोरीवर असतो. ओल्या कपड्याला जो कुबट वास येतो तो पाण्याचा नव्हे. कपडा फार वेळ दमट राहिला की त्यात सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांचा तो वास. म्हणून साबण दुप्पट घालून उपयोग होत नाही. कपडा लवकर वाळला पाहिजे. आणि तो वाळतो कशाने? केवळ उष्णतेने नाही. ओल्या कपड्याला लागून असलेली हवा पाणी पिऊन तृप्त होते, तिला बाजूला सारून दुसरी हवा आली तरच आणखी पाणी उडते. म्हणून कोकणातल्या जुलैतही पंख्याखाली, एकमेकांना न चिकटता टांगलेले कपडे निम्म्या वेळात वाळतात. मात्र खोली गच्च बंद करून पंखा लावणे व्यर्थ. तीच दमट हवा गोल गोल फिरते, भिंतींना बुरशी धरते आणि पोराचा खोकला हटत नाही. खिडकी थोडी किलकिली हवी. शेवटची दमट कसर इस्त्रीने काढावी. बाळाची लंगोटी तरी इस्त्री फिरवल्यावाचून बांधू नये, नाहीतर जांघेत लाल चट्टे उठलेच म्हणून समजा.

आता ती शेगडी. बाळंतिणीला नि बाळाला शेक देणे, ओवा-वावडिंगाची धुरी देणे, टोपले पालथे घालून त्यावर दुपटी सुकवणे, हे सारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मोठ्या वाऱ्याच्या घरात ते निभावून जाई. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ही सरळसरळ जिवाशी गाठ आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो. माणसाला गुंगी येते आणि त्या गुंगीतच सारे संपते. धूर निघणे थांबले म्हणजे धोका टळला, असेही नाही. निखारा लाल दिसतो तेव्हाही वायू निघतच असतो. राहिली धुरी. लहानग्या फुप्फुसांना धूर तो धूरच, मग तो ओव्याचा का असेना. हे सासूबाईंना सांगावे, पण जरा जपून सांगावे. 'तुमचे चुकले' असे म्हणू नये. 'आमच्या खोलीला वारा नाही' असे म्हणावे. ते खरेही आहे.

धान्याची गोष्टही अशीच. सोलापूरकडच्या कोरड्या मुलखात पूर्वी ज्वारी जमिनीतल्या पेवात साठवीत, आणि ती टिके. कोकणात असे पेव खणले तर पहिल्या पावसात त्याची विहीर होईल! भाचीच्या आईने मायेपोटी मे महिन्यात वर्षाची ज्वारी, पायलीभर शेंगदाणे नि चटणी पाठवून दिली. माया मोठी खरी, पण धान्य आपल्या भोवतालच्या हवेशी जमवून घेते. हवा दमट असली की कोरडा दाणाही तिच्यातले पाणी ओढतो. दाण्यात शेकडा चौदाच्या वर ओल गेली की किडीला नि बुरशीला आमंत्रणच. म्हणून आपल्या आयाबाया उन्हाळ्यात वाळवणे घालीत, धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवीत, डाळीला एरंडेल चोळीत. हे सगळे आजही करण्याजोगे आहे. मात्र ज्या बिऱ्हाडाला अंगण नाही त्याने वर्षाची बेगमी करण्याचा हट्ट सोडावा. महिन्याचे आणावे, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, नि ओला हात डब्यात घालू नये.

शेंगदाण्याविषयी मात्र थोडे कडक बोलले पाहिजे. दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी आली, तो सुरकुतला किंवा कडवट लागला, तर 'भाजून घेतला की चालतो' हे खरे नव्हे. त्या बुरशीचे विष, ज्याला ॲफ्लाटॉक्सिन म्हणतात, भाजण्याने पुरते जात नाही. ते यकृताला घातक आहे. चटणी सोलापूरची असली तरी असे दाणे फेकून द्यावेत.

आता सगळ्यांत नाजूक बातमी: मुलाचे पोट. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते, विहिरीत वरचे पाणी उतरते. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसते, पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. तुरटीने गाळ खाली बसतो. जंतू मारायला उकळी लागते, आणि ती चांगली खळखळणारी, निदान मिनिटभर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईच्या दुधाखेरीज वरचे पाणीसुद्धा नको. मध चाटवण्याची हौस असते, तीही वर्ष पुरे होईपर्यंत आवरावी. मधात क्वचित असे जंतुबीज असते की जे मोठ्यांच्या पोटात निपचित पडून राहते, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष करते.

एवढे करूनही जुलाब लागतातच कधी. अशा वेळी घरात जुना सल्ला हमखास निघतो: 'पोटाला विश्रांती द्या, पाणी तोडा, म्हणजे जुलाब बांधतील.' याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा जुलाबाने नव्हे, अंगातले पाणी नि क्षार निघून गेल्याने. गंमत अशी की आजारी आतडे नुसते पाणी नीट शोषत नाही. पण त्या पाण्यात साखर व मीठ ठराविक मापात असले, तर साखरेचा हात धरून मीठ आत जाते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी. एवढीशी ही युक्ती. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांतून भरून दिले आणि नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजवले. तिथले मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चाराच्याही खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल असे म्हटले. डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले गेले. आपल्या स्वयंपाकघरातली दोन भांडी, साखरेचे नि मिठाचे, एवढ्या मोठ्या इतिहासाची धनी आहेत, हे किती जणांना ठाऊक असते?

तर हे पाणी करायचे कसे? दुकानातली ओआरएसची पुडी आणावी, आणि पुडीवर जितके पाणी लिहिले आहे, बहुधा एक लिटर, तितक्या उकळून गार केलेल्या पाण्यात ती पुरी एकदम विरघळवावी. चिमूट चिमूट काढून अदमासाने करू नये. माप चुकले की गुण जातो, मीठ जास्त झाले तर अपायही होतो. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने वरून निरपलेला. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून टाकावे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबावे, मग पुन्हा अधिक सावकाश द्यावे. आईचे दूध थांबवू नये. जे मूल वरचे खाते त्याला मऊ भात, मुगाची खिचडी, पेज चालू ठेवावी. आजीबाईंची मीठ घातलेली पेज ही काही अडाणी समजूत नव्हती, बरे का! डॉक्टर जोडीला जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी त्या पुऱ्या कराव्यात.

एक सावधगिरी. दुकानात रंगीबेरंगी खोक्यांतून गोड पेये विकली जात आणि त्यांवर ओआरएस ही अक्षरे ठळक छापलेली असत. त्यांत साखर भारी, नि वाजवी मापाचे क्षार नाहीत. अशा पेयाने जुलाब वाढूही शकतात. २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ती अक्षरे वापरायला मनाई केली. तरी घेताना पुडी औषधाच्या दुकानातलीच आहे ना, हे चष्मा लावून वाचावे.

आणि घरगुती उपाय कुठे थांबवावा? मुलाचे डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, काही केल्या पीत नाही, किंवा एरवी खोलीभर रांगणारे मूल मलूल पडून राहिले, तर मग फोन ना आईला ना सासूला. पाऊस कितीही असो, रिक्षा बोलवून दवाखाना गाठावा. वाटेतही चमच्याने पाणी चालू ठेवावे. रोटाव्हायरस या जुलाबाच्या एका मोठ्या कारणावर लस आहे. २०१६ पासून ती आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. सहाव्या, दहाव्या नि चौदाव्या आठवड्याला ती तोंडावाटे देतात. लसीच्या कार्डावर तिची नोंद आहे का, हे पाहून ठेवावे.

असो. पावसाच्या नक्षत्रांना आपल्या लोकांनी मोठी खुमासदार नावे दिली आहेत. जुलैतला पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, त्यामागून पुष्याचा तो म्हातारा. ऑगस्टच्या मध्यानंतर मघा, तो सासूंचा पाऊस. आणि महिन्याच्या अखेरीस पूर्वा लागते, तो सुनांचा. कोणी दिली असतील ही नावे, त्याला घरातल्या हवामानाची चांगली जाण होती खास! आमच्या भाचीकडे सासूबाई गौरी-गणपतीला येतात, त्या बहुधा या दोन पावसांच्या सांध्यावर. यंदा त्या आल्या की त्यांच्याकडून सांडग्यांचे, एरंडेलाचे नि मऊ पेजेचे सगळे शिकून घे, असे मी तिला सांगितले आहे. शेगडी तेवढी गावाला राहू दे.

सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो, मुली हादग्याची गाणी म्हणू लागतात आणि मग ऑक्टोबरचे ऊन पडते. तेव्हा गाद्या, गोधड्या, पाळणा, धान्याचे डबे सारे बाहेर काढावे. पण पाऊस गेला म्हणून डास गेले असे नव्हे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, आपल्याच घरच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कुंडीखालच्या बशीत, फ्रीजमागच्या तबकात, झाकण नसलेल्या पिंपात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून ही सारी भांडी रिकामी करायची. अंडी काठाला चिकटतात आणि महिनेन्‌महिने कोरडी राहूनही जगतात. तेव्हा नुसते ओतून चालत नाही, काथ्याने घासले पाहिजे. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी रात्रीइतकीच दुपारच्या पाळण्यालाही लागते. तो वार निदान नोव्हेंबर संपेपर्यंत तरी चुकवू नये.