टेबलावर मांडलेली धार

1973 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत चाकू घडवणाऱ्यांच्या गिल्डचं प्रदर्शन भरलं होतं. मेरीलँडच्या बिल मोरान यांनी तिथे मांडलेल्या पात्यांवर लहरींची नक्षी होती. ती कोरलेली नव्हती, पोलादाच्या अंगातच होती. हातानं चाकू घडवण्याच्या कलेचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात या टेबलापासूनच करावी लागते.

त्या काळी अमेरिकेत तापवून, ठोकून पातं घडवणारे बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. बॉब लव्हलेस यांच्यासारखे नामवंत कारागीर पोलादाची तयार पट्टी घेत आणि नको तेवढं घासून काढून पातं उतरवत. त्यांचे चाकू अप्रतिम होते, यात वाद नाही. पण भट्टी आणि ऐरण या धंद्यातून जवळजवळ हद्दपार झाली होती.

मोरान यांची रीत कष्टाची. भरपूर कार्बनचं पोलाद आणि मऊ पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, टाकणखार टाकून रसरशीत तापवायच्या आणि ठोकून एकजीव करायच्या. मग तो गोळा लांबवायचा, दुमडायचा, पुन्हा सांधायचा. दर घडीला थर दुप्पट होतात. शेवटी घासलेलं पातं आम्लात बुडवलं की एक पोलाद काळवंडतं, दुसरं उजळ राहतं आणि थर दिसू लागतात. सांध्यात कुठे मळी अडकली असेल, तर तीही इथेच उघडी पडते.

याला सर्रास दमास्कस म्हणतात. जुन्या दमास्कस तलवारींचं पोलाद मात्र वेगळं. त्यातलं पुष्कळसं दक्षिण भारतातल्या मुशींतून गेलेलं वूट्झ, आणि त्याची नक्षी थर सांधून नव्हे, तर त्या पोलादाच्या जडणघडणीतूनच उमटे. आपण हा फरक विसरता कामा नये.

मोरान यांचं मोठेपण मला त्या नक्षीहूनही एका पुस्तिकेत दिसतं. हे पोलाद कसं करायचं ते लिहून त्यांनी ती फुकट वाटली. वर्षानुवर्षांच्या खटाटोपातून हाती आलेलं गुपित त्यांनी असं सगळ्यांपुढे ठेवलं! 1976 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली, 1988 मध्ये आर्कान्सामधल्या वॉशिंग्टन या गावी शाळा सुरू झाली. 2006 मध्ये मोरान गेले. 2015 पासून तर ऐरणीवरच्या स्पर्धा टीव्हीवर दिसू लागल्या.

सोसायटीची परीक्षा कडक आहे. मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, लाकडाची फळी दोनदा आरपार छाटायची, त्यानंतरही त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत. मग पातं शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचं, ते तुटता कामा नये. आपल्या आठवडी बाजारात कोयता घेणारा शेतकरीही अंगठ्यानं धार चाचपतो, पण पातं वाकवून दाखव असं काही तो लोहाराला म्हणत नाही.

एवढं पार पडलं की उमेदवारानं पाच चाकू परीक्षकांपुढे मांडायचे. अटलांटाच्या ब्लेड शोमध्ये ही तपासणी होते. तिथे नक्षीला कोणी भुलत नाही. चाकू उजेडाकडे धरून पात्याची रेष सरळ आहे का ते पाहतात, मूठ आणि पातं जुळतात तिथली फट शोधतात, दोन्ही बाजूंचे उतार सारखे उतरलेत का ते ताडतात.