अवशिष्ट किरणोत्सर्ग आणि क्रमांकांचा न्याय

तुर्भ्याची ‘सायरस’ अणुभट्टी १९६० साली सुरू झाली आणि २०१० च्या डिसेंबरअखेर कायमची बंद करण्यात आली. अशा वास्तूची यंत्रसामग्री उचलली गेली, भिंती जमीनदोस्त झाल्या, तरी खालची जमीन वहिवाटीस मोकळी करावी की नाही याचा निवाडा नुसत्या डोळ्यांनी होत नाही. आणि मापनयंत्रानेही तो एका झटक्यात होत नाही, कारण माती जात्याच किरणोत्सर्गी असते. वैनगंगेच्या खोऱ्यातील मौजे दवनीवाडा येथे अणुभट्टी नाही, तरी तेथील धानाच्या बांधीतही पोटॅशियम-४०, युरेनियम व थोरियम यांचा अंश असायचाच. शिवाय गतशतकातील अणुचाचण्यांनी जगभर पसरलेले, तीस वर्षांच्या अर्धायुष्याचे सीझियम-१३७ आहेच. त्या मुलखातली एखादी जागा तपासायची वेळ आली, तर अशीच अस्पर्श, सजातीय माती तुलनेस घ्यावी लागेल.

नमुन्यांचे आकडे मात्र प्रसामान्य वितरणाच्या सुबक घंटाकृतीत क्वचितच बसतात. बहुतेक लहान, दोन-चार अवाढव्य, आणि त्यांच्यापायी माध्य भलतीकडे ओढले जाते. फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ साली सुचविलेली अप्राचलीय कसोटी येथे उपयोगी पडते. तुलनेच्या मातीतील प्रत्येक आकड्यात अनुज्ञेय मर्यादा मिळवायची, मग दोन्हीकडचे आकडे एकाच रांगेत चढत्या क्रमाने लावून तुलनेच्या मातीच्या केवळ क्रमांकांची बेरीज करायची; ती पुरेशी मोठी आली, तर तपासलेली जागा मर्यादेच्या आत आहे असे मानायचे. दोन्हीकडचे पाच-पाच नमुने असून तुलनेच्या मातीने वरचे पाचही क्रमांक पटकावले, तर तिची बेरीज ४० येते; दोन्ही गट वस्तुतः समान असते, तर निव्वळ योगायोगाने असे घडण्याचा संभव २५२ त एक.

अमेरिकेच्या चार संघीय खात्यांनी १९९७ साली प्रसृत केलेल्या पुस्तिकेत हीच रीत आहे, आणि तिचे गृहीतक मला विशेष मार्मिक वाटते: फौजदारी कायद्याच्या उलट, येथे जमीन निर्दोष ठरेपर्यंत दोषीच मानली जाते. अपुरे नमुने घेणाऱ्यास त्यामुळे सूट मिळत नाही; संशयाचा फायदा पुढे तेथे राहावयास येणाऱ्यांना मिळतो.

तथापि क्रमांकांना एक व्यंग आहे. सर्वांत मोठा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असो की दोनशेपट, त्याच्या पदरी शेवटचाच क्रमांक पडतो. म्हणजे एखाद्या कोपऱ्यातला तीव्र डाग बेरजेत सहज लपू शकतो. म्हणूनच त्या पुस्तिकेने कसोटीच्या जोडीला जमिनीवर यंत्र फिरवून पाहणी करण्याचे आणि ठराविक पातळीवरील प्रत्येक आकड्याची स्वतंत्र चौकशी करण्याचे बंधन घातले आहे, मग क्रमांकांची बेरीज कितीही अनुकूल येवो.