कुंडीतला वाटाणा आणि पोटातला उजेड

कोलशेतला आम्ही राहायला आलो, तेव्हा वेळ कळायला घड्याळ लागत नसे. कारखान्याचा भोंगा झाला की पाळी बदलली. आता त्यांतल्या बऱ्याच जागांवर उंच इमारती उभ्या आहेत. हे आठवले ते सहा मिनिटांच्या एका चित्रपटामुळे. नाव ‘मोअर’, म्हणजे ‘आणखी’. अमेरिकी दिग्दर्शक मार्क ऑस्बर्न यांनी तो १९९८ मध्ये केला. आहे विज्ञानकथा, पण त्यात अंतराळयान नाही की परग्रह नाही. आहेत त्या बाहुल्या, ‘स्टॉप मोशन’ पद्धतीने हलवलेल्या.

म्हणजे कशा? बाहुली ठेवायची, एक चित्र टिपायचे. तिचा हात केसभर सरकवायचा, पुन्हा एक. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात, तेव्हा सहा मिनिटांना ८,६४० चित्रे झाली. बरेच जण एकच ठेवण दोन चित्रांपुरती चालवून घेतात, तरी चार हजारांच्या वर हालचाली होतातच. मध्येच टेबलाला कुणाचा धक्का लागला, तर पुढचे मागच्याशी जुळत नाही!

ही विद्या आपल्याला परकी नाही बरं का. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटासाठी पैसे देणार कोण? त्यांनी दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर मात्र मिनिटभरात कोंब फुटून वेल वाढलेला दिसला. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल मिळाले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. वाटाणा आपला आपण वाढत होता, काड्यांना मात्र दर वेळी हात लावावा लागला. खरे स्टॉप मोशन ते हे.

‘मोअर’मधले शहर राखाडी आहे. राखाडी माणसे कारखान्यात ओळीने बसून लोकांना सुखी करणाऱ्या वस्तू जोडतात. त्यातला एक घरी जाऊन रात्री काहीतरी खटपट करतो. त्याच्या पोटात एक उजेड आहे, लहानपणापासून जपलेला. त्या उजेडातून तो एक चष्मा बनवतो. डोळ्यांवर चढवला की जग रंगीत दिसते! चष्मा खपतो, माणूस मोठा होतो. उजेडाचे काय होते, ते तुम्हीच पाहा. भाषेची अडचण येणार नाही, सगळे संगीतावर चालते. चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले, बक्षीस नाही. ऑस्बर्न यांनीच पुढे २००८ चा ‘कुंग फू पांडा’ जॉन स्टीव्हन्सन यांच्याबरोबर केला. मला विचाराल तर त्या भव्य चित्रपटापेक्षा ही सहा मिनिटे जड आहेत.

माझे वडील अशाच एका कारखान्यात पाळीवर होते. दिवाळीचा आकाशकंदील ते स्वतः करायचे. कामट्या तासायला आठवडा आधी बसायचे. मग ओव्हरटाइम वाढला आणि कंदील बाजारातून येऊ लागला. आम्ही मुलांनी त्याबद्दल कधी विचारले नाही, उलट विकतचा अधिक चकचकीत म्हणून खूश होतो. हा चित्रपट त्यांना दाखवला, तेव्हा ते ‘पुन्हा लाव’ एवढेच म्हणाले.

जमल्यास याच्या जोडीला मुंबईचा ‘टोकरी’ही पाहा. सुरेश एरियट यांचा २०१७ चा हा लघुपट विज्ञानकथा नव्हे. वडिलांचे जपून ठेवलेले घड्याळ हातून बिघडते आणि त्यांची छोटी मुलगी दुरुस्तीच्या पैशांसाठी रस्त्यावर टोपल्या विकायला निघते. तो पुरा व्हायला काही वर्षे लागली. ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘माछेर झोल’बरोबर त्याला उत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा मान मिळाला. घरात लहान मुले असतील, तर ‘टोकरी’ आधी लावा. ‘मोअर’ ती झोपल्यावर, आणि शक्यतो फोनवर नको, मोठ्या पडद्यावर.