यादवकालीन राजसत्तेच्या खुणा : अंबाजोगाईचे कोरीव लेख व पद्मटंक

राज्यकर्त्याने स्वतःची सत्ता जाहीर करण्यासाठी निर्मिलेली नाणी व वास्तू ही इतिहासाची प्रत्यक्ष साधने होत. रोमन सम्राट आपली मुद्रा नाण्यावर उमटवीत व आपले पराक्रम दगडावर कोरवीत. ऑगस्टसच्या कार्याचा वृत्तांत अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर आहे. तर ट्रेजनच्या डेशियावरील विजयाची दृश्ये रोममधील स्तंभावर (११३) कोरलेली आहेत. महाराष्ट्रात देवगिरीच्या यादवांच्या अमदानीत याच हेतूची, परंतु निराळ्या वळणाची साधने आढळतात. त्यांपैकी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई (प्राचीन आंबे) येथील लेख विशेष महत्त्वाचे आहेत.

नाणी : यादवांचे प्रमुख सुवर्णनाणे पद्मटंक. ते पातळ, किंचित वाटीसारखे खोलगट असून त्याच्या एकाच बाजूवर वेगवेगळे ठसे उमटविलेले असतात. मध्यभागी कमळ, त्याभोवती ‘श्री’ हे अक्षर, शंख यांसारखी चिन्हे व राजाचे नाव अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र इ. राजांचे पद्मटंक उपलब्ध आहेत. रोमन नाण्याप्रमाणे त्यावर राजाचा चेहरा नसतो. राजाची ओळख नाव व मंगलचिन्हे यांवरूनच पटते. पराक्रमाच्या वर्णनाला तेथे जागा नाही. ते काम कोरीव लेखांनी केले.

कोरीव लेख : सिंघण (कार. सु. १२१०–४६) याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे संस्कृत लेख अंबाजोगाईस आहेत. त्यांपैकी एक शके ११५० (१२२८) व दुसरा शके ११६२ (१२४०) चा आहे. खोलेश्वराच्या विजयांची यादी त्यांत येते. माळवा व गुजरात येथील राज्यकर्त्यांचा पाडाव त्याने केल्याचे सांगितले आहे. मात्र हे लेख विजेत्याच्या घरचे आहेत. गुजरातमधील कवी सोमेश्वर याच्या कीर्तिकौमुदी या काव्यात सिंघणाच्या स्वारीने प्रजा भयभीत झाल्याचे वर्णन असले, तरी लवणप्रसादाच्या धैर्याचा गौरव आहे. लेखपद्धति या संग्रहात तर सिंघण व लवणप्रसाद यांच्यातील तहाचा मसुदा (संवत १२८८) नमुन्यादाखल दिला आहे. एकमेकांच्या सीमांचा मान राखावा, असा त्याचा आशय आहे. तेव्हा प्रशस्तीतील ‘विजय’ हा शब्द अन्य पुराव्यांशी ताडूनच घ्यावा लागतो.

शके ११६२ चा लेख या दृष्टीने अधिक बोलका आहे. खोलेश्वराचा पुत्र राम हा गुजरातच्या मोहिमेत नर्मदेच्या परिसरात मारला गेला, हे त्यात नमूद आहे. रामाची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ रामनारायणाचे मंदिर उभारले व त्याच्या अज्ञान मुलाच्या वतीने कारभार पाहिला. घराण्याची कीर्ती चिरस्थायी करण्यासाठी कोरलेल्या या लेखातच त्या मोहिमेची किंमतही नोंदली गेली आहे. राजधानीबाहेर एका स्त्रीच्या हाती अधिकार होता, ही माहितीही त्यातूनच मिळते.

मूल्यमापन : नाण्यावरून राजाचे नाव व चलनाचे स्वरूप कळते; लेखावरून काळ, स्थळ, अधिकारी व दानधर्म यांची माहिती मिळते. दोन्ही साधने सत्ताधाऱ्यांनीच घडविलेली असल्याने त्यांत पराभव क्वचितच येतो. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लयास गेली. तथापि तिने स्वतःविषयी काय सांगू इच्छिले, हे या लेखांतून व नाण्यांतून अद्यापि वाचता येते. तिने जे सांगितले नाही, ते शोधण्याचे काम इतिहासकाराचे आहे.