महाराष्ट्रातील वृद्धसेवा : कुटुंब, संस्कृती आणि अध्यात्म

वृद्धसेवा म्हणजे वार्धक्यामुळे, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे परावलंबी झालेल्या व्यक्तीची शारीरिक, मानसिक, आर्थिक आणि आध्यात्मिक काळजी घेणे होय. महाराष्ट्रात ही काळजी प्रामुख्याने कुटुंबात घेतली जाते आणि तिच्याकडे धार्मिक कर्तव्य म्हणून पाहिले जाते. ‘सेवा’ हा शब्द ईश्वराची पूजा आणि आजारी माणसाची शुश्रूषा या दोन्हींसाठी वापरला जातो. या दुहेरी अर्थामुळे काळजीच्या कष्टांना प्रतिष्ठा मिळते. त्याचबरोबर, ते कष्ट प्रत्यक्षात कोण करते आणि सेवा स्वीकारणाऱ्या वृद्धाची स्वतःची इच्छा काय आहे, हे प्रश्न त्यामुळेच झाकलेही जातात.

लोकसंख्याविषयक पार्श्वभूमी

स्वातंत्र्यप्राप्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यापुढील वयाचे सुमारे १०.४ कोटी लोक होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १० टक्के, तर गोव्यात ११ टक्क्यांहून अधिक होते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत एकट्याने राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आढळले. बहुसंख्य वृद्ध आजही जोडीदाराबरोबर किंवा मुलाबाळांबरोबर राहतात.

एकत्र राहणे आणि काळजी मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी दीर्घायुष्य विरळ होते आणि अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेचा काळही बहुधा अल्प असे. आता मधुमेह, अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश यांसारख्या विकारांसह माणसे अनेक वर्षे जगतात. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. परंपरेने सांगितलेले कर्तव्य तेच राहिले. पण ते पार पाडण्याचा कालावधी आणि त्याला लागणारे कौशल्य मात्र कितीतरी वाढले.

परंपरेतील वृद्धत्व

हिंदू परंपरेतील आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ आणि संन्यास हे टप्पे सांगितले आहेत. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले आणि नातवंडाचे मुख पाहिले की माणसाने वनाकडे वळावे, असे मनुस्मृती सांगते. या विचारात वृद्धाने स्वतःहून अधिकार सोडणे अपेक्षित आहे. दुसरीकडे, तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्लीत माता आणि पिता यांना देवासमान मानण्याचा उपदेश आहे. त्यात अपेक्षा मुलांकडून आहे. मराठी घरांतील व्यवहार या दोन अपेक्षांच्या मध्ये कुठेतरी चालतो.

लोकमानसावर अधिक प्रभाव आहे तो कथांचा. पंढरपूरच्या विठ्ठलाची कथा मातापित्यांच्या सेवेशी जोडलेली आहे. प्रथम आईवडिलांची हेळसांड करणारा पुंडलिक पुढे त्यांच्या सेवेत इतका रमला, की साक्षात देव दारी आल्यावर त्याने वीट भिरकावून त्याला तिच्यावर थांबायला सांगितले, अशी ही आख्यायिका आहे. रामायणातील श्रावणाची कथाही अशीच सर्वपरिचित आहे. राज्य शासनाच्या निराधार वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेला ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ असे नाव आहे. या दोन्ही कथांत सेवा करणारा पुत्र ती स्वतःच्या हातांनी करतो. पुंडलिक पाय चेपतो, श्रावण कावड वाहतो. दोघांपैकी कोणीही ते काम दुसऱ्यावर सोपवत नाही. शिवाय श्रावण आईवडिलांना तीर्थयात्रेला नेतो ते त्यांच्या इच्छेनुसार.

इतर धर्मपरंपरांतही असाच उपदेश आढळतो. बौद्धांच्या दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मुलांनी आईवडिलांबाबत पाळावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कुराणात वृद्ध मातापित्यांशी त्रासिक उद्गारही न काढता सौम्यपणे बोलण्याची आज्ञा आहे. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतील दहा आज्ञांपैकी एक आईवडिलांचा मान राखण्याविषयी आहे.

वाढत्या वयाचा गौरव करणारे विधीही महाराष्ट्रात रूढ आहेत. ६० वर्षे पूर्ण झाल्यावर षष्ट्यब्दीपूर्ती, ७५ व्या वर्षी अमृतमहोत्सव आणि सुमारे ८१ व्या वर्षी सहस्रचंद्रदर्शन साजरे होते. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवसांचे अंतर असते. त्या हिशेबाने एक हजार पौर्णिमांना ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात.

काळजीचे वाटप

कथांमध्ये सेवा पुत्र करतो. घरांमध्ये ती बहुधा सून, पत्नी किंवा लेक करते. अंघोळ घालणे, पथ्याचे जेवण करणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, रात्री उठून पाहणे ही कामे स्त्रियांकडे जातात. दवाखान्याचा खर्च, बँक आणि कागदपत्रे पुरुषांकडे राहतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील व्यक्तींची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत असल्याचे दिसले. या आकड्यांत बालसंगोपनाचाही समावेश आहे.

काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा थकवा बहुधा बोलून दाखवला जात नाही. सेवा हे पुण्य मानले, की तिचा कंटाळा येणे हे पाप वाटू लागते. सासूची शुश्रूषा करणारी सून अनेकदा स्वतःही पन्नाशी-साठीची असते आणि तिला पाठीचे, गुडघ्यांचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असते. काळजीचे वेळापत्रक ठरवून ते भावंडांमध्ये वाटून घेणे, आठवड्यातून काही तास पर्यायी माणूस ठेवणे आणि थकव्याविषयी मोकळेपणाने बोलणे, हे यावरचे साधे उपाय आहेत.

शहरांत पगारी मदतनीस ठेवण्याची पद्धत रुळली आहे. ‘ब्यूरो’मार्फत बारा किंवा चोवीस तासांसाठी येणाऱ्या या स्त्री-पुरुषांना घरात ‘मावशी’ किंवा ‘मामा’ म्हटले जाते. नात्याच्या संबोधनामुळे परक्या माणसाचा घरातील वावर सुसह्य होतो. पण त्याच संबोधनाआड सुट्टी, प्रशिक्षण आणि योग्य वेतन यांचे प्रश्न मागे पडण्याचा धोका असतो.

श्रद्धेचा आधार आणि श्रद्धेचा ताण

निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू आणि शरीराची झीज यांमुळे वृद्धाची जुनी ओळख एकेक करून गळून पडते. अशा वेळी नित्यपूजा, हरिपाठ, नमाज, प्रार्थना किंवा धम्मवंदना दिवसाला क्रम देते. भजनी मंडळ, सत्संग, चर्च किंवा विहार यांतून नियमित भेटीगाठी होतात आणि एखादा माणूस दोन दिवस दिसला नाही तर चौकशी होते. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाटचाल अनेक वृद्ध वारकरी करू शकतात, कारण त्यांच्यासोबत दिंडी असते. मुक्काम, जेवण, सामानाची गाडी आणि ओळखीची माणसे ही तिची व्यवस्था असते. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या घटना विसरलेल्या व्यक्तीला लहानपणी पाठ केलेले अभंग किंवा प्रार्थना पुष्कळदा आठवतात, आणि तो संवादाचा एक मार्ग ठरतो.

श्रद्धा नेहमीच सुखावह ठरते असे मात्र नाही. आजार हे पूर्वकर्माचे फळ आहे, ही समजूत एखाद्याला दुःख सोसण्याचे बळ देते, तर दुसऱ्याला अपराधीपणाच्या गर्तेत लोटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकले किंवा शिक्षा केली असे वाटणाऱ्या रुग्णांमध्ये पुढील दोन वर्षांतील मृत्यूचा धोका काहीसा अधिक असल्याचे त्यात आढळले. म्हणून आधुनिक शुश्रूषेत रुग्णाच्या श्रद्धेविषयी गृहीत न धरता विचारण्यावर भर दिला जातो. डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये तयार केलेल्या पद्धतीत चार बाबी विचारल्या जातात : व्यक्तीला कशातून बळ मिळते, त्याचे तिच्या आयुष्यात किती महत्त्व आहे, तिला कोणत्या समूहाचा आधार आहे आणि काळजी घेताना या सर्वांची दखल कशी घ्यावी. श्रद्धा न मानणाऱ्या वृद्धालाही हे प्रश्न लागू पडतात. त्याचे बळ संगीतात, वाचनात किंवा सामाजिक कार्यात असू शकते.

दैनंदिन व्यवहारातील प्रश्न

धार्मिक आचार आणि वैद्यकीय गरज यांची गाठ रोजच्या व्यवहारात पडते. एकादशीचा उपवास करणाऱ्या मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन किंवा गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेतल्या आणि जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट साबुदाणा व बटाटा भरपूर खाल्ल्यास ती वाढते. उपवासाच्या आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेणे आवश्यक असते. इस्लाममध्ये आजारी आणि दुर्बल वृद्धांना रोजाबाबत सवलत आहे. उपवास मोडायला न तयार होणाऱ्या वृद्धाची समजूत घालताना त्याच्या स्वतःच्या परंपरेतील अशा सवलती उपयोगी पडतात.

गुडघेदुखीमुळे मांडी घालता न येणाऱ्या व्यक्तीसाठी देव्हारा उंचावर घेणे आणि खुर्चीवर बसून पूजा करण्याची सोय करणे हा छोटा बदल आहे. त्यामुळे तिचा नित्यक्रम टिकतो. सोवळे पाळणाऱ्या व्यक्तीला डायपर किंवा खाटेजवळचे कमोड अपमानास्पद वाटू शकते. अंघोळीसाठी किंवा मलमूत्रविसर्जनासाठी भिन्नलिंगी व्यक्तीची मदत घेणे अनेकांना असह्य होते. अशा बाबतीत आधी विचारणे, आडपडदा राखणे आणि अंघोळीची वेळ पूजेच्या वेळेशी जुळवणे यांमुळे विरोध कमी होतो.

कायदेशीर तरतुदी

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ संदर्भात १९८७ मध्ये दिला. आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार वृद्धांना उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्यासाठी अर्ज करता येतो. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. वृद्ध व्यक्तीला सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, परत मिळवण्याचीही तरतूद कलम २३ मध्ये आहे.

या अधिनियमाच्या ‘अपत्ये’ या व्याख्येत सज्ञान मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. सून व जावई यांचा समावेश सुचवणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले; पण लोकसभेची मुदत संपल्याने ते रद्दबातल ठरले. अशा रीतीने प्रत्यक्ष शुश्रूषा बहुधा जी करते, तिचा या कायद्यात उल्लेख नाही. कायदा पैशाची आणि निवाऱ्याची हमी देऊ शकतो. वेळ आणि आपुलकी यांची देऊ शकत नाही, ही त्याची स्वाभाविक मर्यादा आहे.

कुटुंबाबाहेरील व्यवस्था

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे आहेत. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ६५ वर्षांवरील प्रवाशांना भाड्यात ५० टक्के सवलत असून, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास करता येतो. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी पात्र वृद्धांना एकदाच ३,००० रुपये दिले जातात. त्याच वर्षी तीर्थदर्शन योजनाही सुरू झाली. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत सामावून घेतले. मदत व तक्रारीसाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली ‘प्रोवेदोरिया’ ही सार्वजनिक साहाय्य संस्था वृद्धाश्रम चालवते.

वृद्धाश्रमाकडे समाज अजूनही कौटुंबिक अपयशाची खूण म्हणून पाहतो. वस्तुतः काही वृद्ध तेथे टाकून दिलेले असतात, तर काही मुलांवर अवलंबून राहू नये म्हणून स्वेच्छेने गेलेले असतात. या दोन्ही गोष्टींना एकच नाव दिल्याने दुसऱ्या प्रकारच्या निवडीवरही अकारण कलंक येतो.

अखेरचा काळ

ब्रिटनमधील डॉ. सिसिली साँडर्स यांनी ‘सर्वांगीण वेदना’ ही संकल्पना मांडली. मरणासन्न माणसाचे दुःख शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी समजून घ्यावे, असा तिचा आशय आहे. त्यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले. त्याची शाखा गोव्यातही आहे.

अंत समीप आल्याचे जाणून अन्न व औषध नाकारण्याची परंपरा भारतात जुनी आहे. आचार्य विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे असेच देह ठेवले. जैन परंपरेतील सल्लेखनेवर राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लिव्हिंग विल’, म्हणजे असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार, मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. मराठी घरांत मरणाविषयी बोलणे अशुभ मानले जाते. परिणामी कृत्रिम श्वासोच्छ्वासासारखे निर्णय ऐनवेळी मुलांना घ्यावे लागतात आणि ‘आपण पुरेसे केले का’ हा सल त्यांच्या मनात राहतो. आईवडील शुद्धीवर व बोलते असतानाच त्यांची इच्छा विचारून लिहून ठेवणे, हा त्या ओझ्यावरचा उपाय आहे आणि सेवेचाच भाग आहे.

साहित्य आणि चित्रपट

वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकात सर्वस्व मुलांच्या हाती देऊन बेघर झालेल्या अप्पासाहेब बेलवलकरांची शोकांतिका आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकात मुले दूर असलेल्या वृद्ध दांपत्याचा एकाकीपणा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची काळजी घेताना होणारी मुलीची ओढाताण दाखवली आहे. पहिल्या दोन कलाकृतींत वृद्धांचे दुःख केंद्रस्थानी आहे. ‘अस्तु’मध्ये काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे कष्टही तितक्याच गांभीर्याने आले आहेत.