थर्मल दुर्बीण : दिसणें आणि ओळखणें

जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांतील बागाइतदारांस रात्रीं उंसाचें दारें धरणें म्हणजे जीव मुठींत घेणें झालें आहे. इ. स. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेडच्या परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं, तेव्हां वनखात्यानें त्याच्या शोधास थर्मल ड्रोन लावलें. त्याच जातीच्या दुर्बिणी हातांत धरण्याच्या व बंदुकीवर बसविण्याच्या अशा दोन तऱ्हांच्या मिळतात. त्यांचे गुणदोष शेतकरीबंधूंनीं नीट समजून घ्यावे.

प्रत्येक उष्ण पदार्थांतून डोळ्यांस न दिसणारे किरण निघतात. असे किरण आहेत हें विल्यम हर्शेल यांनीं इ. स. १८०० मध्यें सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यांत थर्मामीटर ठेवून दाखविलें. थर्मल दुर्बीण हे किरण टिपून त्यांचें चित्र करिते; तीस बॅटरीचा किंवा चांदण्याचा उजेड लागत नाहीं. दुसरी जी 'नाइट व्हिजन' दुर्बीण, ती अगदीं अल्प उजेडावर किंवा स्वतःच्या अदृश्य दिव्यावर चालते. तींत तोंडवळा व आकार अधिक स्पष्ट दिसतो, परंतु गवतांत दबून बसलेलें जनावर हुकतें. थर्मलमध्यें तें चटकन् उठून दिसतें. मात्र दाट उंसाच्या पाल्याआड थर्मलचेंही कांहीं चालत नाहीं. धुकें व पाऊस यांनीं चित्र फिकें पडतें. दिवसभर तापलेले धोंडे सायंकाळीं जनावरासारखेच चमकतात. म्हणून पहाटेचें चित्र अधिक भरंवशाचें.

निवड करितांना दोन आकडे पाहावे. पहिला ठिपक्यांचा, जसें ३८४ × २८८ किंवा ६४० × ५१२. दुसरा भिंगाचा, जसें १९ किंवा ३५ मिलिमीटर. ठिपके अधिक म्हणजे दूरचें अधिक स्पष्ट, असा समज असतो. तो बरोबर नाहीं. ठिपक्याचा आकार व भिंग तेंच असेल, तर अधिक ठिपक्यांनीं दृष्टीचा पट्टा रुंद होतो एवढेंच. बारा मायक्रॉनचा ठिपका व ३५ चें भिंग असतां, शंभर मीटरांवर ३८४ ठिपक्यांत सुमारें १३ मीटर व ६४० ठिपक्यांत २२ मीटर रुंदी मावते. दूरचा बारकावा भिंगावर अवलंबून असतो.

आतां मुख्य मुद्दा. जॉन जॉन्सन या अमेरिकन संशोधकानें इ. स. १९५८ मध्यें दिलेल्या कसोटीप्रमाणें, कांहींतरी आहे इतकें कळण्यास वस्तूवर दोन ठिपके पुरतात. तें कोणत्या जातीचें हें कळण्यास सुमारें आठ लागतात. खांद्यापाशीं दोन फूट उंच बिबट्या घेतला, तर ३५ च्या भिंगांतून तो हिशेबानें ८७५ मीटरांवर 'दिसतो', पण २२० मीटरांच्या आंत आल्यावांचून 'ओळखूं' येत नाहीं. १९ च्या भिंगास हेच आकडे ४७५ व १२० आहेत. जाहिरातींत अंतर लिहिलेलें असल्यास तें दिसण्याचें कीं ओळखण्याचें, हें विक्रेत्यास स्पष्ट विचारावें.

या दोन अंतरांमधील भूमि ही धोक्याची. तेथें रानडुकर, वासरूं आणि दारें धरण्यास वांकलेला माणूस हे सर्व सारखेच पांढरे ठिपके दिसतात. दुर्बीण बंदुकीवर असली, तर काय आहे हें पाहण्यासाठींच नळी त्या ठिपक्यावर रोंखावी लागते. शेजारचा गडी असेल, तर? हातांतील दुर्बिणींत ही आपत्ति नाहीं.

शिवाय इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचींत व रानडुकर इ. स. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचींत आहे. पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकराविषयींही अधिकृत लेखी परवानगीवांचून बंदूक उचलतां येत नाहीं. पिकाची नासाडी झाल्यास वनखात्याकडे वेळींच अर्ज देऊन पंचनामा करवून घ्यावा.

तेव्हां शेतकऱ्यास उपयोगी ती हातांतीलच दुर्बीण. चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून एक घेतली तर खर्चही वांटला जातो. मोटार सुरू करण्यापूर्वीं बांधावरून चारी बाजू पाहाव्या, संशयास्पद ठिपका दिसल्यास आंत शिरूं नये, आणि उंसांत कांहीं दिसलें नाहीं म्हणून निर्धास्त न होतां जोडीनें व आवाज करीत जावें.